एका गुंठ्याचा ठिपका : शहराची जमीन मोजतात कशी?

कर्जत स्टेशनवरून कशेळ्याच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर कडाव येतं. बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे बाहेरच्यांना ठाऊक असलेलं, आसपासच्या वाड्यापाड्यांना बाजाराला जवळ पडणारं आणि खांडसच्या बाजूने भीमाशंकर चढणाऱ्यांना वाटेत लागणारं हे गाव. रस्त्याच्या एका अंगाला भाताची खाचरं. जरा पुढे गेलं की तारेचं कुंपण, लोखंडी गेट आणि प्लॉट विक्रीचा फलक. पुन्हा खाचरं. मग सिमेंट-पत्र्याचं दुकान, त्याला लागून आंब्याची दोन झाडं, आणि मागे दुमजली पक्कं घर.

ही जमीन गावाची की शहराची? कडावच्या माणसाला विचारलं तर तो हसून सांगेल, गावाचीच. पण "भारताची किती जमीन शहरांखाली आहे, आणि पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंकेच्या तुलनेत ती जास्त की कमी" असा तक्ता करायला कुणी बसला, तर त्याला अशा लाखो जागांबद्दल एक-एक करून निकाल द्यावा लागतो. निकाल कोणत्या फूटपट्टीने दिला, यावर सगळा तक्ता फिरतो.

किती फिरतो, त्याचं एक उदाहरण. इसवी सन २००० च्या आसपास जगात शहरी जमीन किती होती, याचे वेगवेगळ्या संस्थांनी केलेले नकाशे संशोधकांनी शेजारी ठेवून पाहिले. सर्वात कमी आकडा होता २ लाख ७६ हजार चौरस किलोमीटर, सर्वात जास्त ३५ लाख ३२ हजार. पृथ्वी तीच, काळ साधारण तोच, आणि फरक जवळजवळ तेरा पटींचा. कोणत्याही नकाशाने खोटं सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने "शहर" या शब्दाखाली वेगळी गोष्ट मोजली होती.

या फूटपट्ट्या मुख्यतः चार आहेत. त्या एकेक करून कडाववर आणि शेजारी देशांवर लावून पाहू.

पहिली फूटपट्टी : कागदावरची हद्द

सर्वात जुनी रीत जनगणनेची. भारतात गावाला शहर म्हणवून घ्यायला दोन दारं आहेत. पहिलं दार कायद्याचं. जिथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ आहे, ती जागा शहर. तिथे लोक किती, झाडं किती, याचा प्रश्न नाही.

या दारातून कोण कोण आत जातं हे आपल्याच कर्जत तालुक्यात पाहण्यासारखं आहे. माथेरानला १९०५ पासून नगरपालिका आहे. मोटारींना बंदी, बहुतेक भाग जंगलाचा, २०११ च्या जनगणनेत वस्ती साडेचार हजारांच्या आत. तरी माथेरान कायद्याने शहर. त्याच्या पायथ्याचं नेरळ स्टेशनामुळे भराभर वाढलं, इमारतींनी भरलं, लोकसंख्येत माथेरानच्या कितीतरी पुढे गेलं, पण कारभार राहिला ग्रामपंचायतीचा. या दारातून पाहिलं तर डोंगरावरचं जंगल शहरात बसतं आणि खालची दाटी गावात.

म्हणून दुसरं दार ठेवलं आहे. कायद्याने गाव असलं तरी तीन अटी पुऱ्या झाल्या की जनगणना त्याला "जनगणना नगर" मानते : वस्ती किमान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. नेरळ या दाराने आत आलं. कडाव जनगणनेच्या लेखी गावच राहिलं.

तिसऱ्या अटीत "पुरुषांपैकी" हा शब्द आहे, आणि तो फार काम करतो. घरातला मुलगा लोकल पकडून अंबरनाथ-कल्याणला कारखान्यात जातो आणि त्याची आई-बायको खाचरात भातलावणी करतात, असं घर या भागात नवं नाही. अटीच्या हिशेबात फक्त मुलगा येतो. म्हणजे घराची शेती चालू असतानाच गाव शहराच्या दिशेने सरकतं. घनतेच्या अटीतही अशीच गोम आहे. कोकणातल्या महसुली गावाच्या हद्दीत डोंगर, वरकस जमीन आणि वनखात्याचं रानही येतं. वस्ती कितीही दाट असली, तरी भागाकार सगळ्या हद्दीने केला की घनता उतरते.

या दोन दारांतून २०११ साली भारतात ७,९०० हून अधिक शहरं मोजली गेली. त्यांत जनगणना नगरं सुमारे ३,९०० होती. २००१ मध्ये ती होती १,३६२. शहरात राहणारे ३१ टक्के, आणि या सगळ्या शहरांच्या हद्दींखालची जमीन एक लाख चौरस किलोमीटरच्या थोडी वर, म्हणजे देशाच्या सुमारे तीन टक्के.

ही तीन टक्के जमीन हद्दीने मोजलेली आहे, हे लक्षात ठेवायचं. हद्दीच्या आत शेत, तलाव, डोंगर जे काही येईल ते सगळं शहरी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल ही रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका झाली आणि आसपासची गावं तिच्यात आली. ३० सप्टेंबरच्या रात्री जे खाचर ग्रामीण होतं ते सकाळी शहरी झालं. एक वीटही हलली नव्हती.

शेजाऱ्यांच्या व्याख्या

पनवेलला जे एका महापालिकेपुरतं झालं, ते नेपाळमध्ये देशभर झालं. २०११ च्या जनगणनेत नेपाळमध्ये ५८ नगरपालिका होत्या आणि शहरी लोकसंख्या होती १७ टक्के. नव्या संविधानानुसार २०१७ मध्ये स्थानिक कारभाराची फेररचना झाली आणि नगरपालिका झाल्या २९३. २०२१ च्या जनगणनेत त्यांच्या हद्दीत राहणाऱ्यांचं प्रमाण निघालं ६६ टक्के. दहा वर्षांत १७ चे ६६ झाले, ते खेड्यातली माणसं काठमांडूला गेल्यामुळे नव्हे. तराईतली शेतं आणि पहाडातली टेकाडं नगरपालिकेत गेली. पुढे नेपाळच्याच सांख्यिकी कार्यालयाने वस्तीच्या घनतेवरून मोजलं तेव्हा खरं शहरी प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आलं. बाकीचे बरेच लोक शहर आणि गावाच्या मधल्या पट्ट्यात निघाले.

श्रीलंकेत उलट घडलं. तिथे फक्त महानगर परिषद आणि नागरी परिषद असलेली जागा शहर मानतात. पूर्वी लहान गावांच्या नगर परिषदाही त्यात धरत, पण १९८७ मध्ये त्या बरखास्त होऊन ग्रामीण प्रादेशिक सभांमध्ये विलीन झाल्या. १९८१ मध्ये शहरी प्रमाण होतं साडेएकवीस टक्के; २०१२ मध्ये ते निघालं १८ टक्के. कोलंबोभोवतालची वस्ती या काळात पसरतच होती, आणि कागदावर मात्र देश पुन्हा खेड्याकडे चालला होता.

पाकिस्तानने १९८१ च्या जनगणनेपासून निव्वळ प्रशासकीय व्याख्या धरली. स्थानिक संस्था शहरी असेल किंवा छावणी असेल, तर शहर. आपल्यासारखं दुसरं दार तिथे नाही. त्यामुळे पेशावरच्या खोऱ्यात किंवा मध्य पंजाबात रस्त्याकडेने पसरलेली दाट वस्ती ग्रामीण खात्यात राहते. २०२३ च्या जनगणनेत पाकिस्तानचं शहरी प्रमाण ३८.८ टक्के आलं. आपल्या २०११ च्या ३१ शेजारी ते ठेवून "पाकिस्तान भारतापेक्षा शहरी" असं म्हणायचं, तर आधी दोन गोष्टी कबूल करायला हव्यात : मधे बारा वर्षं गेली आहेत, आणि दोन्हीकडची मापं एक नाहीत. बांगलादेशात तर मोठ्या शहरांना लागून असलेली, शहरी तोंडवळ्याची काही वस्ती २०११ मध्ये शहरातून काढून गावात टाकली गेली, त्यामुळे तिथले स्वतःचेच दोन जनगणनांचे आकडे एकमेकांशी सरळ जुळत नाहीत.

थोडक्यात, जनगणनेची फूटपट्टी एका देशाच्या कारभाराला उपयोगी आहे. अनुदान कुणाला द्यायचं, कर कुणी घ्यायचा, हे तिच्यावर ठरतं. दोन देशांच्या मधे ती ठेवली की वाकते.

दुसरी फूटपट्टी : आकाशातून दिसणारं छप्पर

मग जमिनीवर प्रत्यक्ष काय बांधलं आहे तेच पाहू, असं म्हणून उपग्रहाची मदत घेतात. उपग्रहाला सीमा, नगरपालिका, व्याख्या काही दिसत नाही. त्याला दिसतात ठिपके. त्याने काढलेलं चित्र चौकोनी ठिपक्यांचं असतं, आणि एका ठिपक्यात जे काही असेल त्याचा सरासरी रंग नोंदला जातो. म्हणून ठिपका केवढा, हा पहिला प्रश्न.

आपल्याला हा हिशेब सोपा आहे, कारण आपल्याकडे गुंठा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचा ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. जवळजवळ बरोबर एक गुंठा! अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा नेहमीचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. आपल्या रिसोर्ससॅटच्या एका कॅमेऱ्याचा साधारण २४ मीटरचा, म्हणजे पावणेसहा गुंठे. आणि जगाचे नकाशे ज्यावरून बरीच वर्षं बनत आले त्या मोडिस या उपकरणाचा ठिपका ५०० मीटरचा, म्हणजे २५ हेक्टर, जवळपास ६२ एकर.

आता कडावचं गावठाण डोळ्यांसमोर आणा. ६२ एकरांच्या एका ठिपक्यात गावठाण, देऊळ, शाळा, आंबे, खाचरं, सगळं एकत्र घोटलं जातं. निम्म्याहून जास्त भाग बांधलेला असेल तरच ठिपका शहरी, असा नियम बहुधा असतो. मुंबई त्यात ठसठशीत उमटते, पनवेल उमटतं. कडावसारखं गाव बहुतेकदा पुसलं जातं. एका गुंठ्याच्या ठिपक्यात मात्र घर, अंगण आणि परडं वेगळं काढता येतं. नकाशा बारीक होतो तशी विखुरलेली घरं दिसू लागतात. म्हणजे दोन वर्षांचे दोन आकडे पाहताना बांधकाम वाढलं की ठिपका लहान झाला, हेही तपासावं लागतं.

दुसरा प्रश्न ठिपका ओळखण्याचा. संगणक ठिपक्याचा रंग पाहून तो पान, पाणी, माती की छप्पर हे ठरवतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा यात मोठा उपयोग होतो. हिरवं पान जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. सिमेंट, कौल, पत्रा तसं करत नाहीत, पण त्यापुढच्या लांब तरंगाच्या अवरक्त पट्ट्यात ते तुलनेने उजळ दिसतात. दोन्ही पट्ट्यांची वजाबाकी करून बेरजेने भागलं की बांधकामाचा एक निर्देशांक मिळतो. घोटाळा असा की कोरडी उघडी मातीही याच निर्देशांकात वर येते.

आणि कर्जतच्या मातीचं रूप दर तीन महिन्यांनी बदलतं. जून ते सप्टेंबर ढगच ढग. उपग्रह वरून जातो पण खाली काही दिसत नाही. जुलैत ढग फाटलेच तर खाचरात पाणी चमकतं आणि संगणक तलाव म्हणतो. ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवं. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की पिवळं, मग उघडी माती. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी राजनाल्याने जिथे पोचतं तिथे उन्हाळी भात उभा राहतो, तेवढा पट्टा एप्रिलमध्येही हिरवा. शेजारचं कोरडं खाचर मात्र एखाद्या मोकळ्या प्लॉटसारखं. त्यात उन्हाळ्यात राबभाजणी. पालापाचोळा, शेण, कवळं पसरून रोपवाटिकेची जागा भाजली की काळे चौकोन उमटतात. वरून पाहणाऱ्याला ते डांबराचं अंगण वाटलं तर त्याचा दोष नाही. बिचाऱ्याने राब कधी पाहिलेला नसतो.

यावर उपाय म्हणजे वर्षभराची चित्रं एकत्र पाहणं. जो ठिपका कधीतरी हिरवा होतो तो शेताचा. बाराही महिने ज्याचा रंग बदलत नाही तो छपराचा किंवा खडकाचा. त्यातून उघडा कातळ वेगळा काढायला रडारची मदत घेतात. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि घराच्या भिंत-जमिनीच्या कोपऱ्यावरून जोरात परत येतात.

उलट बाजूची चूकही असते. घर आहे पण दिसत नाही. कोकणातलं घर फणस-आंब्याच्या सावलीत, श्रीलंकेतलं नारळी-मिरवेलीच्या बागेत, बांगलादेशातलं पुरापासून वाचायला उंच केलेल्या भरावावर आणि चारी बाजूंनी झाडांनी वेढलेलं. तिघांचंही छप्पर वरून हिरवं दिसतं. पाकिस्तानच्या सिंध किंवा दक्षिण पंजाबातल्या कोरड्या गावात भीती वेगळी : घरही मातीचं, भवतालही मातीचा. एकच संगणकी नियम चार देशांवर लावला तरी चूक चारही ठिकाणी सारखी होत नाही.

म्हणून चांगल्या नकाशासोबत त्याची परीक्षाही छापलेली असते. नकाशावरचे शेकडो ठिपके चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, ती जागा प्रत्यक्ष जाऊन किंवा फार बारीक छायाचित्रात पाहायची, आणि दोन बाजूंनी मोजायचं : नकाशाने शहर म्हटलेल्या शंभरांपैकी खरोखर बांधलेले किती, आणि खरोखर बांधलेल्या शंभरांपैकी नकाशाला सापडले किती. मोठ्या शहरांत दोन्ही गुण चांगले येतात. विखुरलेल्या खेड्यांत दुसरा गुण घसरतो. परीक्षेचे गुण न देणारा नकाशा तुलनेला घेऊ नये.

तिसरी फूटपट्टी : रात्रीचा उजेड

रात्री जिथे दिवे, तिथे शहर. कल्पना साधी आणि स्वस्त. अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांनी टिपलेल्या दिव्यांची १९९२ पासूनची मालिका मिळते. २०११ च्या शेवटी सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावर त्याहून बरंच सूक्ष्म उपकरण आहे. वर सांगितलेला ३५ लाख चौरस किलोमीटरचा आकडा मुख्यतः अशा दिव्यांवर आधारलेल्या नकाशाचा होता. तो इतका मोठा का, तर उजेड आपल्या जागेपुरता राहत नाही. खालापूरच्या टोलनाक्यावरचे उंच खांबावरचे दिवे आजूबाजूच्या माळावरही सांडतात, आणि जुन्या उपकरणात तो माळही शहर म्हणून नोंदला जातो.

शेजारी देशांच्या तुलनेत या फूटपट्टीचे दोन खास घोटाळे आहेत. भारत-पाकिस्तान सीमेच्या मोठ्या भागावर भारताने कुंपणाला प्रखर दिवे लावले आहेत. रात्री अवकाशातून ती सीमा नारिंगी रेघेसारखी दिसते. तिथे शहर नाही, पहारा आहे. दुसरा घोटाळा भारनियमनाचा. नेपाळमध्ये २००८ नंतर कोरड्या महिन्यांत दिवसाचे पंधरा-सोळा तासही वीज जाई, आणि २०१६ च्या अखेरीपासून काठमांडूचं भारनियमन संपत गेलं. दिव्यांवरून मोजलं तर काठमांडू त्या सुमारास अचानक फुलल्यासारखं दिसेल. फुललं ते विजेचं वेळापत्रक.

चौथी फूटपट्टी : माणसांची चौकट

हद्द फसवते, छप्पर फसवतं, दिवा फसवतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये देशादेशांच्या तुलनेसाठी एक वेगळी पद्धत मान्य केली. सगळ्या देशावर एक किलोमीटरच्या चौकटींची जाळी टाकायची. जनगणनेतली माणसं त्या त्या भागातल्या घरांच्या प्रमाणात चौकटींमध्ये वाटायची. मग नियम सर्व देशांना एकच. ज्या सलग चौकटींत दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसं आणि सगळ्यांची बेरीज किमान ५०,००० असेल, ते शहर. किमान ३०० माणसं आणि बेरीज किमान ५,००० असेल, तर ती निमशहरी दाट वस्ती. उरलेलं ग्रामीण.

एक चौकट म्हणजे २४७ एकर. समजा तिच्यात शंभर घरं आणि घरटी चार माणसं, म्हणजे ४०० जण. घनतेची अट सहज पुरी झाली. पण बेरीज ५,००० व्हायला अशा तेरा चौकटी एकमेकींना चिकटून हव्यात. कर्जत-दहिवली किंवा खोपोलीला हे सहज जमतं. कडावच्या बाजूला मधे खाचरं, नदीकाठ, रान येतं आणि साखळी तुटते. इथे गाव गाव ठरतं ते तिथल्या ग्रामपंचायतीमुळे नाही, मोकळ्या जमिनीमुळे ठरतं. हा निकाल मला तरी पटतो.

पण हीच चाळणी बांगलादेशावर लावा. त्या देशाची सरासरी घनताच दर चौरस किलोमीटरला १,१०० च्या वर. भाताची शेतं, तळी, खेडी सगळं धरून! ३०० ची अट तिथे जवळजवळ प्रत्येक चौकट पार करते आणि मैलोन् मैल निमशहरी पट्टा तयार होतो. बिहारातही २०११ मध्येच सरासरी घनता १,१०० च्या वर होती. युरोपातलं शेत रिकामं असतं, गंगेच्या खोऱ्यातलं शेत माणसांनी भरलेलं असतं, हे या नियमाच्या पोटात बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या शहरीकरण अहवालात या पद्धतीने मोजणी झाली, तेव्हा जगातलं सर्वात मोठं शहर जकार्ता ठरलं, दुसरं ढाका, सुमारे ३ कोटी ६६ लाख वस्तीचं, आणि आधीच्या मोजणीत पहिलं असलेलं टोकियो तिसऱ्यावर गेलं. ढाका मोठं होतंच आहे. पण या उडीचा बराच भाग फूटपट्टी बदलल्याचा आहे.

एक एकर, चार उत्तरं

आता या फूटपट्ट्या एकाच जागेवर लावू. कर्जत तालुक्यातलं एक कल्पित फार्महाऊस घ्या : एक एकर म्हणजे ४० गुंठे जमीन, त्यात दीड गुंठ्याचं घर, एक छोटा तलाव, बाकी हिरवळ, आणि कुंपणभर दिवे. मालक मुंबईचा, येतो शनिवार-रविवारी.

जनगणना विचारते, इथे राहतं कोण? घर बंद. माणसं शून्य, मालक मोजला गेला मुंबईत. गुंठ्याएवढ्या ठिपक्याचा उपग्रह म्हणतो, छप्पर दोन-तीन गुंठे, बाकी गवत. पाचशे मीटरच्या ठिपक्याला काहीच दिसत नाही. रात्रीचं उपकरण शनिवारी दिवे पाहतं आणि एकराहून मोठा भाग उजळवतं. आणि सातबारा? एकरभर शेतात ठरावीक मर्यादेत शेतघर बांधायला बिनशेतीची परवानगी लागत नाही, त्यामुळे तो अजून शेतीच सांगू शकतो. तीच जमीन एनए करून प्लॉट पाडले असतील, तर एकही घर उभं राहण्याआधी तो चाळीसच्या चाळीस गुंठे बिनशेती सांगेल.

शून्य, तीन, चाळीस, किंवा चाळीसहून जास्त. उत्तर कोणतं खरं? भाताच्या दृष्टीने पाहिलं तर चाळीस, कारण त्या एकरात आता लावणी होणार नाही. पावसाच्या पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर दीड-दोन, कारण तेवढ्याच जागी पाणी मुरायचं थांबलं. ग्रामपंचायतीच्या नळाच्या दृष्टीने पाहिलं तर माणसं किती येतात ते. प्रश्न ठरल्याशिवाय आकडा निवडता येत नाही.

शाश्वत विकास ध्येयांत एक माप आहे : शहरी जमीन वाढण्याचा वेग भागिले लोकसंख्या वाढण्याचा वेग. उत्तर एकच्या वर गेलं तर जमीन माणसांपेक्षा वेगाने खर्च होते आहे. कर्जत-खालापूरच्या सेकंड होमच्या पट्ट्यात हे माप नीट चालत नाही, कारण जमीन इथली जाते आणि माणसं मुंबई-ठाण्याच्या खात्यात राहतात. भागाकार करायचा तर दोन्ही एकाच हद्दीत यायला हवीत. मुंबई महानगर प्रदेशाची सगळी ६,३२८ चौरस किलोमीटर जमीन एकत्र घेतली तर ते जमेल. एकट्या कडावचं काढलं तर हास्यास्पद आकडा येईल.

भागायचं कशाने?

शेवटचा घोटाळा भाजकाचा. नेपाळ आणि बांगलादेश यांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं, दोघंही सुमारे १ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर. पण नेपाळचा मोठा हिस्सा हिमालयाचा आणि बांगलादेश जवळजवळ सगळा सपाट गाळाचा. शहरी जमीन एकूण क्षेत्रफळाने भागली की नेपाळ नेहमीच कमी शहरी दिसणार, कारण भाजकात बर्फाची शिखरंही बसलेली. पाकिस्तानात बलुचिस्तान क्षेत्रफळाच्या चव्वेचाळीस टक्के आणि वस्तीने विरळ. भारतात थरचं वाळवंट, लडाख. घर बांधता येईल आणि पीक काढता येईल अशा जमिनीने भागलं, तरच दोन देशांच्या टक्केवारीत काही अर्थ उरतो. आपला तालुकाच घ्या ना. माथेरानचा डोंगर, सह्याद्रीची भिंत आणि वनजमीन वजा केली, की घर आणि भात यांच्यात वाटून घ्यायची सपाट जमीन उरते ती उल्हास, पेज, चिल्हार यांच्या काठची. शहर वाढतं ते नेमकं त्याच जमिनीवर. म्हणून देशाच्या तीन टक्क्यांना "फक्त तीन टक्के" म्हणणं धाडसाचं आहे.

तक्ता हाती आला तर

शेजारी देशांच्या शहरी जमिनीची तुलना करणारा तक्ता कुठे वाचनात आला, तर पाच गोष्टी पाहाव्यात. मोजली ती हद्द, छप्पर, दिवा की माणसं? सगळ्या देशांना एकच फूटपट्टी लावली का? ठिपका केवढा होता, आणि दोन्ही वर्षांना तेवढाच होता का? वर्ष कोणतं? भागलं कशाने? पाचही उत्तरं तक्त्याखाली छापलेली असतील, तर आकडे वाचायला हरकत नाही. नसतील, तर क्रमवारी वाचून अभिमान किंवा खंत यांपैकी काहीही बाळगण्याचं कारण नाही.

आणि एक काम घरबसल्या करण्यासारखं आहे. इस्रोच्या भुवन या नकाशावर किंवा सेंटिनेलच्या मोफत चित्रांवर कडाव शोधा. एकाच वर्षाची एप्रिलची आणि ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवा. कोणतं शेत, कोणतं छप्पर, कोणता राब, ते आपल्या ओळखीने सांगा, आणि संगणकाने काय सांगितलंय ते ताडून पाहा. देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणार आहे. प्रगणक दारात येऊन मुख्य काम विचारेल, तेव्हा घरातल्या बायकांचं शेतातलं कामही नीट नोंदवून घ्या. आपलं गाव शहर ठरलं की नाही, हे त्या उत्तराने आज ठरणार नाही. पण गावाची शेती कोण करतं, हे तरी कागदावर राहील.